विषाणूचे पाठभेद आणि लशीची आवृत्ती

“लस टोचून घेतली तरी आजार झालाच, मग लशीचा उपयोग काय?” हा एक प्रश्न, आणि “आता ही नवी लस कशाला? पहिली खोटी होती काय?” हा दुसरा. २०२१ नंतरच्या वर्षांत हे दोन प्रश्न आपल्या देशात घरोघरी विचारले गेले. ते विचारणारे सगळे अडाणी होते असे म्हणता येणार नाही. त्यांत सुशिक्षित माणसे होती, अध्यापक होते, आणि ज्यांचा जन्म ग्रंथांच्या आवृत्त्या हाताळण्यात गेला असे साहित्याचे अभ्यासकही होते. या प्रश्नांना वैद्यकाने उत्तरे दिली नाहीत असे नाही. परंतु ज्या शब्दांतून ती उत्तरे लोकांपर्यंत पोचली ते शब्दच अपुरे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विषाणू सतत बदलत असताना लशीने त्याच्याशी पाऊल कसे जुळवावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ प्रयोगशाळेचा वाटतो. वस्तुतः तो फार मोठ्या अंशी वाचनाचा, देवघेवीचा आणि परिभाषेचा प्रश्न आहे. म्हणूनच भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी तो आपल्या कक्षेबाहेरचा मानू नये, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

आरंभ ‘लस’ या शब्दापासूनच करणे सोयीचे होईल. मराठीत हा शब्द मुळात व्रणातून वा फोडातून स्रवणाऱ्या द्रवाचा वाचक आहे. मुंबईत १८०२ साली देवीची लस प्रथम टोचली गेली, आणि पुढे कित्येक दशके एका मुलाच्या दंडावरील फोडातील लस काढून ती दुसऱ्याच्या दंडावर टोचण्याची पद्धत चालू राहिली. शब्दाचा आजचा अर्थ या व्यवहारातून रूढ झालेला दिसतो. त्या व्यवहाराबरोबर एक समजूतही आपल्या मनात रुजली. लस एकदा टोचली, दंडावर वण उमटला, की त्या रोगाचा आणि आपला संबंध संपला, अशी ती समजूत होय. देवीच्या बाबतीत ती जवळजवळ खरी ठरली. एडवर्ड जेन्नरने १७९६ साली जो प्रयोग केला त्याच तत्त्वावर पुढे जवळजवळ १८० वर्षे लस टोचली गेली, आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने देवीचे पृथ्वीवरून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. या अवधीत देवीचा विषाणू लशीला चुकविण्याइतका बदलला नाही. गंमत अशी की बदलली ती लसच. हातावरून हातावर आणि वासरावरून वासरावर उतरवीत नेलेला तो लशीचा विषाणू गायीच्या देवीच्या विषाणूहून निराळा आहे, हे १९३९ साली दाखविण्यात आले. तरीही तिचे काम ती करीत राहिली.

देवीचा विषाणू मोठा आहे आणि तो आपली नक्कल बऱ्याच काळजीने करतो, म्हणून तो स्थिर राहिला, असे येथे कोणी म्हणेल. परंतु स्थैर्याचे रहस्य केवळ नकलेच्या अचूकपणात नाही. गोवराचा विषाणू आरएनएचा असून तो नक्कल करताना भरपूर चुका करतो. असे असूनही १९५४ साली एका मुलाच्या शरीरातून वेगळ्या केलेल्या विषाणूपासून सिद्ध झालेली लस, १९६३ मध्ये वापरात आल्यापासून आजतागायत, जगभरच्या गोवराला पुरी पडते. याचे कारण असे की, गोवराच्या विषाणूच्या पृष्ठभागावरील ज्या भागांना आपली प्रतिपिंडे धरतात, त्यांच्यात फारसा बदल झाला तर त्या विषाणूला पेशीत शिरताच येत नाही. तेव्हा चूक होणे वेगळे आणि ती चूक पचणे वेगळे. पोथ्यांच्या अभ्यासकाला हा भेद नवा नाही. वृत्तबद्ध श्लोकात लेखनिकाच्या हातून अक्षर चुकले तर वृत्तच मोडते आणि पुढचा वाचक तो दोष सुधारतो. तेच गद्यात घडले तर चूक तशीच पुढच्या पोथीत उतरते. गोवर हा जणू वृत्तात बांधलेला आहे. इन्फ्लुएन्झाचा विषाणू तसा बांधलेला नाही, आणि आपल्या प्रश्नाचा खरा प्रारंभ तेथेच होतो.

इन्फ्लुएन्झाचा मानवी विषाणू १९३३ साली प्रथम वेगळा करण्यात आला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यासाठी त्यावरील लस सिद्ध झाली. तिचा गुण चांगला आला. परंतु १९४७ साली तीच लस टोचलेली माणसे न टोचलेल्यांइतकीच आजारी पडली. थॉमस फ्रान्सिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा लशीत दोष नव्हता, विषाणूच पुढे सरकला होता, असे निष्पन्न झाले. लस जुन्या पाठावर बेतलेली होती आणि लोकांत प्रचलित झालेला पाठ नवा होता. लशीला अपयश आले ते ती खोटी होती म्हणून नव्हे. एका काळी अचूक असलेली गोष्ट दुसऱ्या काळी अपुरी ठरू शकते, हा धडा वैद्यकाने त्या वर्षी घेतला; आपल्या सामान्य बोलीने तो अद्याप घेतलेला नाही.

या अनुभवातून जी व्यवस्था उभी राहिली ती साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आधाराने १९५२ पासून निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांचे एक जाळे विणले गेले. आज शंभराहून अधिक देशांतील संस्था त्यात आहेत, आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ही त्यांपैकी एक. या प्रयोगशाळा रुग्णांच्या घशातून वा नाकातून घेतलेले नमुने तपासतात, विषाणू वाचतात, आणि प्रत्येकाची नोंद ठराविक रीतीने करतात. ‘ए/हाँगकाँग/१/१९६८’ ही अशीच एक नोंद आहे. तिच्यात जात, स्थळ, क्रमांक आणि वर्ष एवढे सारे आले. जुन्या पोथीच्या शेवटी लेखनिक जी पुष्पिका लिहीत असे तिच्याहून हे फारसे वेगळे नाही. या नोंदींची तुलना करून विषाणूंचा वंशवृक्ष मांडला जातो. कोणती शाखा वाढते आहे आणि कोणती खुंटते आहे, याचा अदमास घेऊन पुढच्या हंगामाच्या लशीत कोणते विषाणू असावेत याची शिफारस केली जाते. १९७३ पासून ही शिफारस दर वर्षी, आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून वर्षातून दोनदा होते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी.

ज्यांना भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा इतिहास ठाऊक आहे, त्यांना या कामातील ओळखीच्या खुणा दिसतील. बाराशेंहून अधिक पोथ्या जमविणे, त्या ताडून पाहणे, शाखा आणि उपशाखा लावणे, एका शाखेतील पाठ दुसरीत मिसळून झालेल्या संकराचा उलगडा करणे, हे सारे तेथेही करावे लागले होते. विषाणूंच्या जगातही असा संकर होतो. इन्फ्लुएन्झाच्या दोन जाती एकाच पेशीत भेटल्या की त्यांचे जनुकखंड अदलाबदल होतात आणि अगदीच नवा विषाणू उभा राहतो. १९५७ आणि १९६८ च्या साथी अशाच आल्या. तथापि हे साम्य फार ताणू नये. पाठचिकित्सकाचा प्रवास मागे, मूळ संहितेच्या दिशेने असतो. लस घडविणाऱ्याला मुळाशी कर्तव्य नाही. त्याला आजचा, किंबहुना उद्याचा पाठ हवा असतो. शिवाय महाभारताच्या आवृत्तीला सत्तेचाळीस वर्षे लागली आणि ती लागली म्हणून कोणाचा प्राण गेला नाही. येथे सहा महिन्यांचा उशीर पुरेसा घातक ठरतो.

सहा महिने हा आकडा कल्पनेतला नाही. इन्फ्लुएन्झाची लस आजही बव्हंशी कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून तयार केली जाते, आणि शिफारशीपासून कुपी हाती येईपर्यंत सुमारे अर्धे वर्ष जाते. या अर्ध्या वर्षात विषाणू थांबून राहत नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत पाठ निश्चित झाला. त्यानंतर एच३एन२ या जातीची एक निराळी शाखा पसरली. आणि त्या हिवाळ्यात अमेरिकेत लशीची परिणामकारकता सुमारे १९ टक्के भरली. पाठ चांगला जुळला असता ती साधारणतः ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असते. आणखी एक अडचण अशी की, अंड्यात वाढताना विषाणू अंड्याला मानवेल असा बदलतो, म्हणजे मुद्रणालयातच पाठ बिघडतो. संपादकाने शुद्ध पाठ निश्चित करावा आणि जुळाऱ्याने तो आपल्या सोयीने फिरवावा, अशातला हा प्रकार आहे.

आता करोनाकडे वळू. करोनाच्या कुळातील विषाणूंपाशी एक अशी गोष्ट आहे की जी इन्फ्लुएन्झापाशी नाही. नक्कल करताना झालेली चूक खोडणारे एक वितंचक त्यांच्याजवळ असते. शास्त्रज्ञ त्याला मुद्रितशोधकच म्हणतात. म्हणून हा विषाणू फार झपाट्याने बदलणार नाही अशी आशा आरंभी बाळगली गेली. परंतु मुद्रितशोधक कितीही दक्ष असला तरी प्रतींची संख्या अफाट झाली की चुका राहतातच, आणि २०२० व २०२१ मध्ये प्रतींची संख्या अफाट झाली होती. ज्याला पुढे डेल्टा म्हटले गेले त्या शाखेचे सर्वांत जुने नमुने भारतातील, ऑक्टोबर २०२० मधील आहेत. तिची गणना चिंताजनक प्रकारांत मे २०२१ मध्ये झाली. मधल्या सात महिन्यांत काय घडले ते वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. देशातील जनुकीय वाचनाचे काम करणाऱ्या प्रयोगशाळांचा संघ डिसेंबर २०२० मध्ये, दहा प्रयोगशाळांनिशी, स्थापन झाला होता. त्या प्रयोगशाळांचा येथे अधिक्षेप करावयाचा नाही. मुद्दा एवढाच की, उशीर झाला तो प्रथम वाचनात झाला.

घडविण्याच्या कामाला आता तेवढा वेळ लागत नाही, हे २०२० मध्येच सिद्ध झाले होते. चीनमधून विषाणूची संहिता जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात प्रसिद्ध झाली. १३ जानेवारीला अमेरिकेत एका एमआरएनए लशीचा पाठ निश्चित झाला होता आणि १६ मार्चला ती पहिल्या स्वयंसेवकाला टोचली गेली. असे असताना पुढच्या आवृत्त्या मागे का पडल्या? ओमायक्रॉनची वार्ता नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. त्यावर बेतलेल्या द्विगुणी लशींना, म्हणजे ज्यांत मूळ पाठ आणि ओमायक्रॉनचा पाठ असे दोन्ही होते त्या लशींना, ब्रिटन आणि अमेरिका येथे ऑगस्ट २०२२ मध्ये परवानगी मिळाली. आपल्याकडे पुण्याच्या जेनोव्हा या संस्थेने ओमायक्रॉनवर बेतलेली एमआरएनए लस सिद्ध केली. तिला जून २०२३ मध्ये परवानगी मिळाली. ही कामगिरी लहान नव्हती. परंतु तोवर ओमायक्रॉनच्याच दोन शाखांच्या संकरातून झालेली एक्सबीबी ही शाखा सर्वत्र पसरली होती, आणि मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागारांनी यापुढे लशीत एक्सबीबी असावी, मूळ विषाणूचा पाठ त्यात ठेवू नये, असे सुचविले होते.

मूळ पाठ काढून टाकण्यामागे एक जुने निरीक्षण आहे. वर उल्लेखिलेल्या थॉमस फ्रान्सिस यांनीच १९६० मध्ये दाखवून दिले की, माणसाच्या शरीराला इन्फ्लुएन्झाचा जो विषाणू बालपणी प्रथम भेटतो, त्याची स्मृती जन्मभर वरचढ राहते. पुढे नवा विषाणू आला तरी शरीर त्यात जुन्याच्या खुणा शोधते आणि जुनीच प्रतिपिंडे अधिक तयार करते. ज्याने रामकथा एका भाषेत बालपणी ऐकली, त्याला दुसऱ्या भाषेतील रामायण वाचताना पहिलेच ऐकू येत राहते, हा तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांचा नित्याचा अनुभव आहे. शरीराची ही सवय सर्वस्वी वाईट नाही, जुने भांडवल तिच्यामुळे कामी येते. मात्र नव्या आवृत्तीत जुना पाठ शेजारी छापला तर वाचक जुनाच वाचील, ही भीती रास्त होती.

येथे परिभाषेचा प्रश्न पुढे येतो. भारतात जानेवारी २०२२ पासून आघाडीवरील कर्मचारी व वृद्ध यांना तिसरी मात्रा देण्यात आली. सरकारी भाषेत तिला ‘प्रिकॉशन डोस’ म्हटले गेले आणि लोकांच्या तोंडी ‘बूस्टर’ हा शब्द बसला. आरंभी ती मात्रा म्हणजे आधी घेतलेलीच लस होती. तिचा हेतू विसरत चाललेल्या शरीराला आठवण करून देण्याचा होता. याउलट द्विगुणी लस किंवा जेनोव्हाची लस ही निराळा मजकूर घेऊन आली होती. ग्रंथव्यवहाराच्या भाषेत बोलावयाचे तर पहिले पुनर्मुद्रण होते आणि दुसरी सुधारित आवृत्ती. हा भेद कोणत्याही साक्षर मराठी वाचकाला एका क्षणात कळतो, कारण पुस्तकाच्या आरंभीच्या पानावर तो रोज पाहतो. परंतु लशीच्या बाबतीत दोहोंनाही एकच शब्द वापरला गेला. परिणामी पुनर्मुद्रण घेतलेल्यांना वाटले की आपल्यापाशी नवी आवृत्ती आहे, आणि नवी आवृत्ती आली तेव्हा लोकांना वाटले की ही पुन्हा तीच लस गळ्यात मारीत आहेत. लोक कंटाळले ते टोचण्याला जितके, तितकेच आपण काय घेत आहोत हे न कळण्याला.

दुसरा दोष ‘प्रतिबंधक’ या शब्दात आहे. रोगप्रतिबंधक लस असे आपण म्हणतो तेव्हा रोग होणारच नाही असे अभिवचन त्या शब्दातच दिले जाते. करोनाच्या काळात प्रतिपिंडे, म्हणजे उंबरठ्यावरचे रखवालदार, नव्या प्रकारांना ओळखण्यात कमी पडले; परंतु रोगप्रतिकाराच्या ज्या पेशी विषाणूच्या अनेक भागांना ओळखतात, त्यांना जुन्या आवृत्तीवरूनही पुष्कळसे कळत होते. त्यामुळे ओमायक्रॉनच्या काळात लस घेतलेल्यांना संसर्ग झाला तरी गंभीर आजार आणि मृत्यू यांपासून बरेच संरक्षण मिळाले. लेखाच्या आरंभी दिलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. जुन्या आवृत्तीतील काही पाने कालबाह्य झाली म्हणून ग्रंथ निरुपयोगी होत नाही. पण ‘प्रतिबंधक’ या शब्दाने हे उत्तर आधीच अशक्य करून ठेवले होते.

आता आपल्या देशापुरता एक विशेष मुद्दा. फेब्रुवारी आणि सप्टेंबर या तिथी उत्तर व दक्षिण गोलार्धांच्या हिवाळ्यांवरून ठरल्या. भारत उत्तर गोलार्धात आहे, पण भारतातील इन्फ्लुएन्झा नकाशा पाहून येत नाही. श्रीनगरात तो हिवाळ्यात वाढतो. दिल्ली, नागपूर, पुणे, कोलकाता येथे तो पावसाळ्याच्या महिन्यांत वाढतो. चेन्नईत ईशान्य मोसमी पावसाबरोबर वर्षाअखेरीस वाढतो. पावसाळ्यापूर्वी लस टोचावयाची तर हाती असलेल्यांत सर्वांत नवी आवृत्ती दक्षिण गोलार्धासाठी आदल्या सप्टेंबरात सुचविलेली असते, फेब्रुवारीची नव्हे. ती कुप्यांत उतरेपर्यंत पावसाळा सरत आलेला असतो. महाभारताच्या संपादकांना काश्मीरची शारदा परंपरा आणि दक्षिणेची परंपरा वेगळ्या लावाव्या लागल्या. लशीच्या बाबतीतही एका देशाला एकच पंचांग पुरणार नाही. हे वैद्यकाच्या अभ्यासकांनी दाखवून दिलेच आहे. परंतु व्यवहारात ‘या वर्षीची लस’ एवढेच सांगितले जाते, कोणत्या गोलार्धाची हे सांगितले जात नाही. ग्रंथावर आवृत्तीचे वर्ष नसेल तर आपण प्रकाशकाला जाब विचारतो. तोच जाब येथे विचारण्यास हरकत नसावी.

यापुढचा मुद्दा न्यायाचा आहे. लस विषाणूबरोबर चालावी तर कोणीतरी, कोठेतरी, नवा पाठ प्रथम वाचला पाहिजे आणि तो लपवून न ठेवता सर्वांना दिला पाहिजे. नोव्हेंबर २०२१ मध्ये बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका येथील शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन वाचला आणि लगोलग जगाला कळविला. त्याचे पारितोषिक म्हणून एक-दोन दिवसांतच अनेक देशांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातील प्रवाशांना आपली दारे बंद केली. आधी वाचणाऱ्याला अशी शिक्षा होत असेल तर पुढचा वाचक गप्प बसणेच पसंत करील. त्याआधी २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने देण्यास नकार दिला होता. आमच्या रुग्णांचे नमुने घेऊन तुम्ही लस घडविता आणि ती विकत घेण्याची ऐपत आमच्यापाशी नसते, असे त्या देशाचे म्हणणे होते. त्यातून वाटाघाटी होऊन २०११ मध्ये इन्फ्लुएन्झापुरती एक चौकट ठरली. मे २०२५ मध्ये महासाथींविषयीचा व्यापक करार स्वीकारला गेला तेव्हाही नमुने आणि त्यांपासून होणारे लाभ यांच्या वाटणीचा कठीण भाग पुढील वाटाघाटींवर सोपविण्यात आला. ज्या देशातील पोथ्या परदेशी ग्रंथालयांत गेल्या आणि ज्या देशाच्या अभ्यासकांना आपल्याच पोथ्यांच्या छायाप्रतींसाठी अर्ज करावे लागले, त्या देशाला हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही.

नामकरणाचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. प्रयोगशाळेतील नोंदीत स्थळाचे नाव असणे उपयुक्त असते. तेच नाव वृत्तपत्राच्या मथळ्यात आले की त्याचा डाग होतो. २०२१ च्या वसंतात ‘भारतीय प्रकार’ हा शब्द जगभर चालू लागला तेव्हा आपल्या सरकारने त्यास हरकत घेतली. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरांची योजना जाहीर केली. तो निर्णय योग्यच होता. परंतु त्याच सुमारास आपल्याकडील मजकुरात ‘ब्रिटनचा विषाणू’ आणि ‘आफ्रिकी विषाणू’ हे शब्द आपण बिनदिक्कत वापरीत होतो, हेही आठवले पाहिजे. स्वतःला लागलेले नाव बोचते आणि दुसऱ्याला दिलेले बोचत नाही, हा दोष भाषेचा नसून भाषा वापरणाऱ्यांचा आहे.

या सर्व विवेचनावर एक आक्षेप संभवतो. तंत्र इतके पुढे जाईल की आवृत्त्यांचा हा खटाटोपच उरणार नाही, असा तो आक्षेप आहे. विषाणूच्या ज्या भागात बदल पचत नाही, उदाहरणार्थ इन्फ्लुएन्झाच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचा देठ, त्यावरच बेतलेली सार्वत्रिक लस घडविण्याचे प्रयत्न कित्येक वर्षे चालू आहेत. तसे झाले तर इन्फ्लुएन्झाही गोवराच्या पंक्तीला जाऊन बसेल, आणि ते कोणाला नको असेल? परंतु अशी लस अजून सार्वजनिक वापरात आलेली नाही. ती येईपर्यंत, आणि कदाचित त्यानंतरही, वाचन थांबविता येणार नाही. कारण देठ खरोखर बदलत नाही ना, हे कळण्यासाठीही कोणीतरी तो वाचीत राहिला पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, शब्द बदलल्याने रोग हटत नाही. हे मान्यच आहे. तथापि लस कुपीत असून दंडात न गेल्यानेही रोग हटत नाही, आणि ती दंडात जाणे हे विश्वासावर अवलंबून असते. विश्वास भाषेतून येतो, आणि आपल्या देशात तो एका भाषेतून येत नाही. इंग्रजीत घडलेली परिभाषा लिप्यंतर करून तमिळ, बंगाली, ओडिया वा मराठी फलकावर लिहिली की काम झाले, ही समजूत २०२२ मध्ये आपल्याला महाग पडली. प्रत्येक भाषेजवळ ग्रंथव्यवहाराचे, शेतीचे, पंचांगाचे शब्द आहेत. दर वर्षी बी बदलावे लागते हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. जुन्या वर्षाचे पंचांग खोटे नसते, फक्त जुने असते, हे आजीलाही ठाऊक असते. या शब्दांतून लशीची गोष्ट सांगण्याचे काम वैद्यकाने एकट्याने करावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

म्हणून प्रस्तुत लेखकाची सूचना साधी आहे. भारतीय भाषांचे जे विभाग आपापल्या भाषेत कोश आणि परिभाषा रचतात, त्यांनी वैद्यकाच्या अभ्यासकांबरोबर बसून चार-पाच शब्द निश्चित करावेत. त्याच लशीची पुढची मात्रा आणि बदललेल्या मजकुराची लस यांना वेगवेगळी नावे असावीत. मराठीपुरते ‘स्मरणमात्रा’ आणि ‘सुधारित आवृत्ती’ हे शब्द विचारार्थ ठेवता येतील. कुपीवर आणि प्रमाणपत्रावर पाठाचे वर्ष व गोलार्ध लोकांच्या भाषेत छापावा. ‘प्रतिबंधक’ या शब्दाऐवजी ‘संरक्षक’ हा शब्द रूढ करावा, म्हणजे जे अभिवचन पाळता येत नाही ते दिले जाणार नाही. या कामाला ना मोठा निधी लागतो ना प्रयोगशाळा. ते साथ येण्यापूर्वी, निवांतपणी करावयाचे काम आहे. साथीच्या धामधुमीत जो शब्द प्रथम येतो तोच लोकांच्या तोंडी बसतो आणि पुढे हलत नाही. पुढच्या वेळी कोणी “पहिली लस खोटी होती काय?” असे विचारले, तर “नाही, ती मागची आवृत्ती होती” एवढे उत्तर त्याच्या स्वतःच्या भाषेत तयार असले पाहिजे.